वॉकर म्हणजे चालणारे नव्हेत, तुडवणारे

प्रश्न : माझी लेक इंग्लंडात लीड्सला असते. जावई तिथलाच, आडनाव वॉकर. त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला काहीतरी वेगळं द्यावं असं मनात आहे. इंटरनेटवर ‘वॉकर घराण्याचा कोट ऑफ आर्म्स’, म्हणजे ढालीवरचं मानचिन्ह, चौकटीत बसवून मिळतो. खाली आडनावाचा अर्थही छापलेला असतो : ‘दूरवर पायी जाणारा, निडर प्रवासी’. विहीणबाईंपाशी सहज विषय काढला, तर त्या हसून म्हणाल्या, ‘आमच्याकडे वॉकर गल्लोगल्ली आहेत.’ हा अर्थ खरा आहे का? आणि ही भेट घ्यावी का? – एक सासूबाई

उत्तर : पैसे पर्समध्येच राहू द्या, ताई. आधी अर्थाचं सांगतो, मग त्या ढालीकडे वळू.

ज्याच्यावरून वॉकर हे नाव पडलं तो माणूस कुठेही जात नव्हता. एका जागी कुंडात उभा राहून, घाण पाण्यात पाय बुडवून तो दिवसभर कापड तुडवत होता. मागावरून नुकतं उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत असतं. त्यात मेंढीच्या अंगची चरबी असते आणि कातताना लावलेलं तेलही. ते कुंडात घालायचं, पाणी ओतायचं, मुलतानी मातीच्या जातीची चिकण माती टाकायची आणि वर शिळं मूत्र. नाक मुरडू नका, त्यातला अमोनिया तेलकटपणा काढतो. साबण महाग, हा माल फुकट. यॉर्कशरमध्ये, म्हणजे लीड्सच्याच मुलखात, तर तो घरोघरून पिंपात जमा करून नेत. तासन्‌तास तुडवलं की लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात, कापड आटतं, दाट होतं आणि वारा-पाऊस अडवण्याजोगं बनतं. मग ते ओलं कापड मैदानातल्या लाकडी चौकटींवर, आकड्यांना अडकवून ताणून वाळवायचं. या आकड्यांना टेंटरहुक म्हणत. जीव टांगणीला लागला की इंग्रज माणूस अजूनही ‘ऑन टेंटरहुक्स’ असतो, तो याच आकड्यांवर.

हे काम करणारा तो वॉकर. ज्या जुन्या इंग्रजी क्रियापदापासून हे नाव आलं, त्याचा अर्थ घोळणं, उलटसुलट करणं असा होता. ‘चालणं’ हा अर्थ त्याला पुढे चिकटला. घोटाळा तिथला, आणि त्यात भर घातली एका बाटलीनं. स्कॉटलंडमधल्या किल्मार्नोकच्या जॉन वॉकर या किराणा दुकानदाराच्या नावावर व्हिस्की निघाली. १९०८ साली टॉम ब्राउन या चित्रकारानं तिच्यासाठी उंच टोपी घातलेला, ढांगा टाकत निघालेला माणूस काढला. चित्र फक्कड आहे, अर्थ साफ चुकीचा. पण लेबल जगभर पोहोचलं, कुंडातला माणूस राहिला कुंडात.

तुमच्या लेकीच्या शहरापुरतं एक सांगतो. इंग्लंडात पाण्याच्या चाकावर लाकडी हातोडे चालवून कापड कुटण्याचे जे अगदी जुने उल्लेख सापडतात, त्यातला एक ११८५ सालचा आहे. टेम्पलर या लढवय्या धर्मपंथाच्या सरदारांनी आपल्या जमिनींची मोजदाद केली, तिच्यात न्यूसमच्या अशा चक्कीची नोंद आहे. हे न्यूसम म्हणजे आजचं टेम्पल न्यूसम, लीड्सच्या हद्दीतच. म्हणजे तेव्हाच माणसाच्या पायांना यंत्राची सवत आली होती. आडनावं पिढीजात व्हायला त्यानंतर बराच काळ गेला. वॉकर आडनाव लावणाऱ्यांच्या कित्येक पूर्वजांनी कापडाला पाय लावलाच नसेल, नुसती चक्की सांभाळली असेल.

प्रश्न : पण मग फुलर आणि टकर ही आडनावंही याच धंद्याची आहेत असं कुठेतरी वाचलं. एका कामाला तीन नावं कशी? – तुमचा नेहमीचा वाचक

उत्तर : बरोबर वाचलंत. धंदा एक, बोली तीन. इंग्लंडच्या आग्नेयेला, म्हणजे केंट, ससेक्स, सफोक या पट्ट्यात या माणसाला फुलर म्हणत. नैर्ऋत्येला, डेव्हन-सॉमरसेटकडे टकर. मिडलंड्सपासून, म्हणजे मधल्या पट्ट्यापासून, वर उत्तरेकडे वॉकर. डेव्हनमधल्या एक्सिटर शहरात विणकर आणि कापड तुडवणाऱ्यांच्या संघाची ‘टकर्स हॉल’ ही १४७१ ची इमारत आजही उभी आहे. लीड्समध्ये बांधली असती, तर ती वॉकर्स हॉल झाली असती. वेल्समध्ये अशा चक्कीला ‘पँडी’ म्हणतात. कोळशाच्या खाणींमुळे गाजलेल्या टॉनीपँडी गावाच्या नावात ती दडलेली आहे.

लोकरीच्या धंद्याची ही गंमत इतरत्रही दिसते. रंगाऱ्याला दक्षिणेत डायर, यॉर्कशरात लिस्टर. शस्त्रक्रियेत जंतुनाशक आणणाऱ्या जोसेफ लिस्टरचं आडनाव तेच. विणकर कुठे वेब, कुठे वेबस्टर. कापडावरची लव कातरणारा शीअरमन, त्याचाच शर्मन झाला.

फुलर, टकर, वॉकर या तिघांत वॉकर पुढे का गेला, तर एक म्हणजे त्या शब्दाचा मुलूखच मोठा. शिवाय स्कॉटलंडातही हे काम करणाऱ्यांच्या गेलिक (तिथल्या जुन्या भाषेतल्या) आडनावाचं इंग्रजी रूप वॉकर असं झालं. आणि दुसरं, मला जास्त पटणारं कारण : लोकरीचा धंदा दक्षिणेतून सरकत यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगमध्ये, म्हणजे पश्चिम भागात, एकवटला, आणि गिरण्यांच्या काळात तिथली वस्ती वेड्यासारखी वाढली. तिथलंच ब्रॅडफर्ड १८०१ मध्ये सुमारे १३,००० वस्तीचं गाव होतं, १८५१ मध्ये ते एक लाखाच्या पुढे गेलं. जिथे वॉकर आधीपासून दाट, तिथेच पाळणे हलले. आज इंग्लंडच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या पहिल्या वीस आडनावांत वॉकर आहे, फुलर आणि टकर त्याच्या बरेच मागे आहेत. तेव्हा विहीणबाईंचं ‘गल्लोगल्ली’ अगदी खरं.

पण गल्लोगल्लीचे हे वॉकर एकमेकांचे भाऊबंद नव्हेत. चौदाव्या शतकापर्यंत आडनाव बऱ्याच ठिकाणी त्या एका माणसापुरतंच असे. बाप वॉकर असला आणि पोरगा पाव भाजू लागला, की तो बेकर. दक्षिणेत साधारण १३५० च्या सुमारास बहुतेक घरांत नाव पक्कं झालं, उत्तरेला आणखी उशिरा. ज्याच्या घरात ते ज्या दिवशी गोठलं, ते त्याचं आडनाव. अशी वेगवेगळी शेकडो कुंडं, त्यांतून निघालेली शेकडो घराणी.

म्हणूनच सासूबाई, तो कोट ऑफ आर्म्स निव्वळ भूलथाप आहे. इंग्लंडात असं चिन्ह आडनावाला मिळत नाही, एका व्यक्तीला मिळतं आणि तिच्या थेट वंशजांकडे जातं. ते देण्याचं काम लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ पासून करतं आहे. एखाद्या वॉकरला कधी ढाल मिळाली असेलही. ती तुमच्या जावयाच्या भिंतीवर टांगणं म्हणजे शेजाऱ्याची पदवी आपल्या दिवाणखान्यात लावणं.

त्यापेक्षा विहीणबाईंकडून पणजोबांचं नाव, गाव आणि चर्च विचारून घ्या. इंग्लंडात १८३७ पासून जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद आहे. त्याआधी चर्चच्या वह्या, त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा. नशीब असेल तर जुन्या वहीत नावापुढे धंदाही लिहिलेला सापडतो. ‘क्लोदियर’, म्हणजे कापडवाला, असं निघालं तर त्या पानाची प्रत चौकटीत बसवा. आणि लेकीकडे जाल तेव्हा एअर नदीकाठची आर्मली मिल्स बघून या. आता ते संग्रहालय आहे, पण एके काळी तिथे हेच कापड कुटण्याचं काम चालत असे. जावईबापूंना बरोबर न्या आणि त्या पिंपांचं तेवढं त्यांना तुम्हीच सांगा.

प्रश्न : अमेरिकेत कितीतरी कृष्णवर्णीयांचं आडनाव वॉकर आहे. ते यॉर्कशरचे कसे? – एक विद्यार्थिनी

उत्तर : आडनाव यॉर्कशरसारख्या मुलखातलं, माणसं नव्हेत. इंग्लंड-स्कॉटलंडमधून गेलेल्या गोऱ्यांबरोबर ते तिकडे पोहोचलं, आणि पुढे गुलामगिरीतल्या अनेकांकडे मालकाच्या किंवा परिसरातल्या कुटुंबाच्या नावावरून आलं. काहींनी ते स्वतः निवडलंही. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, आणि १८७० च्या जनगणनेत या लाखो लोकांची नावं-आडनावं पहिल्यांदा सरकारदफ्तरी नीट लिहिली गेली. त्याआधीच्या गुलामांच्या याद्यांत बहुतेक ठिकाणी फक्त वय, लिंग आणि वर्ण. त्यामुळे १८७० च्या मागे जायचं, तर पुष्कळ कुटुंबांना मालकाच्या मृत्युपत्रात आणि मालमत्तेच्या याद्यांत आपली माणसं शोधावी लागतात. केसांच्या उत्पादनांतून श्रीमंत झालेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांची गोष्ट मात्र निराळी. १८६७ साली त्या जन्मल्या सारा ब्रीडलव्ह म्हणून. वॉकर हे नवऱ्याचं आडनाव, नवरा सुटला तरी ते डब्यांवर कायम राहिलं.