नॉस्टॅल्जिया, स्मरणरंजन आणि 'आठवण काढणे'

कोल्हापुरात चित्रकला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. शाहू स्मारकच्या कलादालनात तिच्या गटाचं प्रदर्शन लागणार आहे. चित्रांचे विषय म्हणजे पाडलेले वाडे, बंद पडलेल्या टॉकीज, हातानं रंगवलेली सिनेमाची पोस्टरं आणि केशवराव भोसले नाट्यगृह. दाराशी लावायच्या फलकावर 'नॉस्टॅल्जिया'साठी कोणता शब्द घालायचा यावरून गटात वाद आहे. सर म्हणतात 'गतकातरता', एक मैत्रीण म्हणते 'स्मरणरंजन', बाकीच्यांचं म्हणणं नॉस्टॅल्जियाच ठेवा, सगळ्यांना कळतो. बरोबर काय?

तिन्ही शब्द मराठीत चालतात. पण ते एकाच अर्थाचे नाहीत, आणि तुमच्या चित्रांना त्यातला एकही नीट बसेल असं मला वाटत नाही.

मूळ शब्दाचं थोडक्यात सांगतो. योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं 1688 साली बाझल इथल्या प्रबंधात तो घडवला. ग्रीकमधला 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणं, 'आल्गोस' म्हणजे वेदना. घरापासून लांब राहून खंगणाऱ्या माणसांच्या आजाराचं हे नाव, आणि पुढं ते परमुलखात लढणाऱ्या स्विस शिपायांना जास्त चिकटलं. जर्मन बोलणाऱ्यांकडं त्यासाठी 'हाइमवे' हा साधा शब्द आधीपासून होताच, होफरनं त्याला ग्रीक पोशाख घातला. ही कळ सुरुवातीला जागेची होती. काळाची ती नंतर झाली.

आता गतकातरता. हा शब्द मला फारसा आवडत नाही. 'कातर' चांगला जिवंत शब्द आहे. कातर आवाज म्हटलं की आवाजातला कंप ऐकू येतो, कातरवेळ म्हटलं की दिवेलागणीची हुरहूर येते. घोटाळा होतो तो 'गत'मुळं. आपल्याकडं 'गत' म्हणजे 'सारखं': येड्यागत, पोरागत. रंकाळ्यावर फिरायला आलेल्या माणसाला 'गतकातर' विचारा, तो आधी 'कशागत?' म्हणेल. आणि खरं सांगायचं तर होफरच्या आजाराला कोल्हापुरी बोलीत नेमका शब्द आहे: 'चुकल्यागत होणं'. वाडा सोडून फ्लॅटमध्ये आलेली आजी महिनाभर म्हणत असते, 'काय तरी चुकल्यागत हुतंय.' गाय चुकते, वाट चुकते, तसा जीव चुकतो. फलकावर हे घालायचं धाडस तुमचे सर करू देतील की नाही, ते तुम्हीच बघा.

स्मरणरंजनाकडं मात्र चित्रकारानं जरा थांबून बघावं. हल्ली समीक्षेत हा शब्द बहुतेक वेळा नाक मुरडून येतो: 'हे नुसतं स्मरणरंजन आहे.' म्हणजे जुन्या दिवसांच्या गोडगोड गप्पा. कारण 'रंजन' म्हटलं की आपल्याला मनोरंजनच आठवतं. पण संस्कृतात रंजनाचा एक अर्थ रंगवणं असा आहे. धातू 'रञ्ज्', त्याच कुळात रंग, रक्त आणि राग. तेव्हा स्मरणरंजन म्हणजे स्मरणाला रंग चढवणं. तुमच्यातल्या ज्या कुणी टॉकीजच्या दर्शनी भिंतीवर होती त्यापेक्षा जास्त पिवळी, जास्त उबदार संध्याकाळ पाडली असेल, त्या चित्राला हा शब्द चपखल आहे. त्यात कौतुकही येतं आणि टोमणाही.

पण 'स्मरण'चं काय? तुमची पिढी विशीतली. हातानं रंगवलेली पोस्टरं भिंतीवर चढताना तुम्ही कधी बघितली? ते तुम्हाला बापानं किंवा आज्यानं सांगितलेलं. जे बघितलंच नाही त्याचं स्मरण कसलं? हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही, आजच्या कलेत तो बऱ्याच जणांनी हाताळलाय. चित्रकार विवान सुंदरम यांनी 2001-02 च्या सुमारास चित्रकार अमृता शेरगिलवर एक छायाचित्रमालिका केली. अमृता त्यांची मावशी. ती 1941 साली गेली आणि विवान जन्मले 1943 साली, म्हणजे मावशी-भाच्याची कधी भेटच नाही. आजोबा उमराव सिंग यांना फोटोचा नाद होता. घरातले ते जुने फोटो संगणकावर एकमेकांत मिसळून विवान यांनी प्रत्यक्षात कधी घडले नाहीत असे प्रसंग उभे केले. वेगवेगळ्या साली काढलेली माणसं एकाच खोलीत येतात, आरशातून एकमेकांकडं बघतात. याला स्मरणरंजन म्हणता येत नाही, कारण स्मरणच नाही. गतकातरताही नाही, कारण ते गत त्यांचं नव्हतं.

अशा ठिकाणी मराठीत 'ऐकीव' हा फार कामाचा शब्द आहे. ऐकीव माहिती म्हणताना आपण ती जरा कमी प्रतीची धरतो, पण 'ऐकीव आठवणी' म्हटलं की अर्थ एकदम वळतो.

माझं मुख्य म्हणणं पुढंच आहे. तुम्ही नाम शोधताय, आणि मराठीनं हा सगळा पसारा क्रियापदांवर सोपवलाय. आठवण येते, तेव्हा आपला इलाज नसतो. आठवण होते, तेव्हा काहीतरी निमित्त असतं. आठवण ठेवायची ती ठरवून: खरी कॉर्नरला महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या जागी कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, ती ठेवलेली आठवण. आणि आठवण काढतात. उचकी लागली की 'कोण आठवण काढतंय?' असं विचारायचं असतं. ही काढणारी माणसं सहसा चार जण असतात, एकट्यानं आठवण काढली असं आपण क्वचितच म्हणतो. तेच क्रियापद चित्रालाही. चित्र काढतात, रांगोळी काढतात, फोटो काढतात. धारही काढतात: कासेत असतं तेच बाहेर येतं, पण हात बसलेला लागतो. चित्र आणि आठवण या दोन्हींना मराठी एकच क्रियापद लावते, मग चित्रकारांनी परक्या नामाच्या मागं कशाला धावायचं?

नाट्यगृहाच्या चित्रांवर हे लावून बघा. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं ते नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आगीच्या आधी कुणी शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला बसून त्याचं जलरंगात चित्र केलं असेल, तर त्यात आठवण नाहीच, ते डोळ्यासमोरचं आहे. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची इथल्या कोटितीर्थ तळ्याची निसर्गचित्रं तशीच. आज ती बघताना आपल्याला कालवतं, पण त्यांनी समोरचं पाणी आणि उजेड बघून रंगवलं. कालवाकालव बघणाऱ्याची, चित्राची नव्हे. आगीनंतर फोटोवरून केलेलं चित्र ही काढलेली आठवण. आणि 'होतं तसंच पुन्हा बांधा' ही लोकांची मागणी म्हणजे आठवण ठेवण्याचा हट्ट. विषय एकच आहे, पण तिघांना एका शब्दाच्या पिशवीत कोंबलं तर बघणाऱ्याला काहीच कळणार नाही.

चित्राशेजारी शब्द कसा ठेवावा याचा उत्तम नमुना मुद्राचित्रकार झरीना हाश्मी यांचा. जन्म 1937, अलीगढ. फाळणीनंतर काही वर्षांनी घरचे पाकिस्तानात गेले, त्या स्वतः देशोदेशी राहिल्या. 1999 मध्ये त्यांनी घरावर 36 मुद्राचित्रांचा संच केला, लाकडी ठशांवरून छापलेला. प्रत्येकात एक काळी-पांढरी आकृती आणि खाली उर्दू शब्द: उंबरा, अंगण, दुपार, अंतर, सीमा अशा अर्थांचे. त्यांनी घराचा एकेक कोपरा नावानिशी हाक मारून बोलावला, आणि बघणारा आपापल्या घरी पोचला. तुमच्या वाड्यांच्या चित्रांनाही परसू, सोपा, तुळई, कोनाडा अशी नावं द्या. 'गतकाळाच्या पाऊलखुणा १' आणि '२' नकोत.

फलकासाठी माझी सूचना: मोठ्या अक्षरात 'ऐकीव आठवणी' आणि खाली 'आम्ही न बघितलेल्या कोल्हापूरची काढलेली चित्रं'. स्मरणरंजन हा शब्द हवाच असेल तर तो आतल्या मजकुरात, एखाद्या विशिष्ट चित्राबद्दल वापरा, सगळ्या प्रदर्शनाला नको.

निमंत्रणपत्रिकेवर नॉस्टॅल्जियाच छापायचं ठरलं असेल तरी बिघडत नाही. शब्द पुल्लिंगी चालतो, 'नॉस्टॅल्जिया वाटतो', 'नॉस्टॅल्जियाचा'. फक्त 'नॉ'वर अर्धचंद्र आहे ना आणि 'स्टॅ'चं 'स्टा' झालेलं नाही ना, एवढं छापखान्यात पाठवण्याआधी तपासून घ्या.