कायदा आणि आपण : एसईओच्या पत्राने गडगा हटेल का?

प्रश्न : आमचे आजोबा ऑनररी मॅजिस्ट्रेट, म्हणजे मानद दंडाधिकारी होते. पडवीत बसून तंटे मिटवायचे, असं घरात सांगतात. यंदा चतुर्थीनंतर शेजाऱ्यांनी आमच्या आंब्याच्या कलमांकडे जाणाऱ्या पाणंदीत गडगा (दगडी बांध) घातला. हंगामात पेट्या काढायला गाडी जाणार नाही. वाडीतले एसईओ (विशेष कार्यकारी अधिकारी) 'मी पत्र देतो' म्हणतात. घेऊ का?
— एक बागायतदार, देवगड तालुका

उत्तर : घ्या हवं तर, पण त्याने गडग्याचा एक चिराही हलणार नाही. विशेष कार्यकारी अधिकाऱ्याचं काम मुख्यतः सह्या-शिक्क्यांचं. 2015 मध्ये सरकारने स्वयंसाक्षांकन, म्हणजे आपल्या कागदांच्या प्रतींवर आपणच सही करणं, मान्य केल्यावर तेही ओसरलं. निवाडा देणं त्यांच्या हातात नाही.

तुमच्या आजोबांना तो अधिकार होता, पण किरकोळ फौजदारी खटल्यांपुरता. वाटेचे तंटे ते मिटवत असतील तर ते गावातल्या वजनावर, हुद्द्यावर नव्हे. 1973 ची फौजदारी संहिता एप्रिल 1974 पासून लागू झाली आणि सरकारी नोकरीत नसलेल्या, कधी नव्हत्या अशा माणसाला खटले चालवणारा मॅजिस्ट्रेट नेमणं बंद झालं. न्यायपंचायतीही त्याच दशकात गेल्या. 2008 च्या कायद्याने ग्रामन्यायालयं आणली, तिथेही न्यायाधिकारी कायदा शिकलेलाच लागतो. बाल न्याय मंडळात तेवढे दंडाधिकाऱ्याच्या जोडीला दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात.

ऑनररी मॅजिस्ट्रेट गेल्याची मला फारशी हळहळ नाही. असा मानकरी पुष्कळदा खोताच्या घरातला. कुळाने त्याच्यासमोर तोंड कसं उघडायचं? मात्र पाणंद कुठून कुठे जाते, हे त्याला नकाशा न उलगडता ठाऊक असे. आता ते कागदावर दाखवावं लागतं, आणि इथेच आपली माणसं कमी पडतात.

तेव्हा तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली दावा लावा. मुदत अडथळा झाल्यापासून सहा महिने. म्हणजे शिमग्याला मुंबईकर आले की बघू, असं करू नका. तोवर मुदत टळेल. दोन्हीकडचे सातबारे, गडग्याचे फोटो, त्या वाटेने गुरं नेलेल्या म्हाताऱ्यांचे जबाब जोडा. स्थळपाहणीची मागणी लेखी करा.

शेजारी बोलायला तयार असतील तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज देऊन प्रकरण लोकअदालतीत न्या. पॅनेलवर न्यायाधीशाबरोबर वकील किंवा सामाजिक कार्यकर्ताही असतो. तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ येतं, पण त्यावर अपील नाही. म्हणून 'गाडी जाईल एवढी वाट' अशा मजकुरावर सही करू नका. रुंदी फुटांत लिहून घ्या, आणि गडगा कोणी, कोणत्या तारखेपर्यंत काढायचा तेही.