विडी ओढणाऱ्यांनी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात का?

प्रश्न : माझे वडील 61 वर्षांचे असून तरुणपणापासून विडी ओढतात. ‘मुक्त मूलकांपासून संरक्षण’ असे लिहिलेल्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या त्यांना सुरू केल्यास विडीने होणारी हानी टळेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : टळणार नाही, उलट, विडी चालू असताना या गोळ्या देणे धोक्याचे आहे.

ज्याचा एखादा इलेक्ट्रॉन जोडीविना उरला आहे, असा अणू किंवा रेणू म्हणजे मुक्त मूलक. तो शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो, मग तो रेणू स्वतःच मूलक बनतो, आणि पेशीच्या आवरणातील स्निग्ध पदार्थांमध्ये ही साखळी पुढे सरकत राहते. ही मोडतोड डीएनएपर्यंत पोहोचली, तर कर्करोगाची शक्यता वाढते. ही साखळी रोखू शकणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट, आणि गाजर-पपईसारख्या पदार्थांत असणारे बीटा-कॅरोटीन हे त्यांपैकीच एक. विडीच्या प्रत्येक झुरक्यासरशी अशी मूलके थेट फुफ्फुसात जातात, त्यामुळे आपली काळजी रास्तच आहे. मात्र सगळीच मूलके शत्रू नव्हेत. पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी ती मुद्दाम तयार करतात, आणि ज्यांच्यात जन्मतःच ही क्षमता नसते त्यांना वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होतो.

फिनलंडमध्ये 50 ते 69 वर्षे वयाच्या 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. त्यांच्यापैकी ज्यांना रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिले गेले, त्यांच्यात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण ते न घेणाऱ्यांपेक्षा 18 टक्क्यांनी अधिक आढळले. हे निष्कर्ष 1994 मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत बीटा-कॅरोटीनबरोबर ‘अ’ जीवनसत्त्वही देणारी अशीच चाचणी चालू होती. तिच्यातही कर्करोग 28 टक्क्यांनी वाढलेला दिसला, तेव्हा जानेवारी 1996 मध्ये त्या गोळ्या मुदतीआधीच बंद कराव्या लागल्या. धूम्रपानाने होरपळलेल्या फुफ्फुसात मोठ्या मात्रेतील बीटा-कॅरोटीन स्वतःच ऑक्सिडीकरणाला, म्हणजे इलेक्ट्रॉन हिरावून घेण्याच्या याच क्रियेला, हातभार लावत असावे, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

रोजच्या जेवणातले गाजर, पपई, पालेभाज्या यांना ही भीती लागू नाही. ते वडिलांना जरूर द्यावे. गोळ्यांवर होणारा खर्च मात्र विडी सोडवण्याच्या उपचाराकडे वळवावा. त्यासाठी 1800-11-2356 ही सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे, आणि निकोटिनचे च्युइंग गम किंवा पट्ट्या वापरायच्या असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने वापराव्यात. वडिलांचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकला असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर क्षयरोग आणि फुफ्फुसाची तपासणी लगेच करून घ्यावी.