वाचकांचे प्रश्न : जुन्या फियाटचे आतले सामान

प्रश्न : माझ्या आजोबांनी १९६८ साली घेतलेली फियाट अकराशे डिलाइट आमच्या कोठ्यात अठरा वर्षे उभी होती. यंदा कापूस विकल्यावर इंजिनाचे काम करून घेतले आणि गाडी सुरू झाली. परंतु आतून ती पार उजाड आहे. उंदरांनी सीटची गादी पोखरली, छताचे अस्तर लोंबते आहे, दारांचे पुठ्ठे फुगले आहेत आणि काच खालीवर करण्याची दोन हँडले हरवली आहेत. मुंबईच्या एका विक्रेत्याने ‘फियाटचा आतला पूर्ण संच’ एकरकमी देऊ केला आहे. तो घ्यावा काय?
— एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून आपली डिलाइट तयार होऊ लागली. तीच गाडी पुढे काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. बाहेरचा सांगाडा बराचसा तोच राहिला, तरी डॅशबोर्ड, दारांची आवरणे, मुठी आणि सीट यांत वेळोवेळी बदल होत गेले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून पद्मिनी अनेक दशके धावली आणि अशी शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. भंगारात निघालेल्या अशा गाड्यांचे सामानही ‘फियाटचे’ म्हणूनच विकले जाते. ते खोटे नसते. पण आपल्या १९६८च्या गाडीला ते बसेलच असे नाही, आणि बसले तरी तिच्या काळाचे दिसेलच असे नाही.

त्यापेक्षा सामानाचे दोन भाग करावेत. धातूच्या मुठी, हँडले, डॅशबोर्डवरची बटणे, मीटरची काच, स्टिअरिंगवरील हॉर्नची कडी या वस्तू गावाकडे घडवता येत नाहीत; त्या मूळच्याच, वापरलेल्या असल्या तरी, शोधून घ्याव्यात आणि पैसा प्रथम त्यांच्यावर खर्च करावा. सीटची गादी, रेक्झिन, छताचे अस्तर, दारांचे पुठ्ठे आणि खालचे जाजम मात्र मुंबईहून मागवण्याची गरज नाही. ट्रक आणि ट्रॅक्टरच्या सीट शिवणारे चांगले कारागीर यवतमाळला आणि तालुक्याच्या गावीही मिळतात. त्यांना नमुना दिला, तर ते टाक्याला टाका जुळवून काम करतात.

हा नमुना म्हणजेच आपल्या गाडीतील कुजलेले, फाटलेले मूळ सामान. ते कृपा करून फेकू नका. मी माझ्या पहिल्या गाडीचे फुगलेले पुठ्ठे दिवाळीच्या साफसफाईत जाळून टाकले आणि नंतर एका व्यापाऱ्याकडून ‘तंतोतंत’ म्हणून घेतलेल्या पुठ्ठ्यांची हँडलची भोके दोन बोटे खाली निघाली. जुना तुकडा हाती असता, तर ही फसगत पैसे देण्याआधीच कळली असती, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे फोटो घ्यावेत, मागच्या बाजूला खडूने ‘पुढचे डावे’, ‘मागचे उजवे’ असे लिहावे आणि स्क्रू वेगवेगळ्या पुड्यांत ठेवावेत. रेक्झिनचा मूळ रंगही सीटच्या दुमडलेल्या शिवणीत सापडतो, कारण तिथे ऊन पोहोचलेले नसते.

हँडले घेताना केवळ बाहेरचा आकार पाहून फसू नका. हँडल ज्या दांड्यावर बसते त्याचे टोक दात्यांचे आहे की चौकोनी, दाते किती आणि जाडी किती, हे आपल्या दारावर मोजून घ्या आणि विक्रेत्याकडून हँडलच्या मागच्या भोकाचा, शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो मागवा. असा फोटो देण्यास जो टाळाटाळ करतो, त्याला आगाऊ रक्कम पाठवू नये. मुंबईत ऑपेरा हाउस परिसरातील मोटारसामानाची दुकाने आणि चोरबाजार येथे, शक्य असल्यास स्वतः जुने हँडल हातात घेऊनच जावे.

पुठ्ठे का फुगले, हेही पाहिले पाहिजे. नाही तर नवे दोन पावसाळ्यांत तसेच होतील. काचेवरून ओघळलेले पाणी दाराच्या पोटात उतरते आणि दाराच्या तळाशी असलेल्या भोकांतून बाहेर जाते. कोठ्यातील धूळ आणि भुसा यांनी ती भोके बुजतात. ती तारेने मोकळी करा, काचेच्या कडेचे झिजलेले रबर बदला आणि पुठ्ठ्यामागे प्लॅस्टिकचा कागद नीट चिकटवून घ्या. जाजम टाकण्याआधी तळाचा पत्रा गंजला आहे का, आणि उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का, तेही तपासून घ्यावे.

काम छतापासून सुरू करून सीटवर संपवावे. छताचे अस्तर तारेच्या कमानींवर टांगलेले असते आणि त्याची कड काचेच्या रबराखाली दाबलेली असते. म्हणून काचांचे रबर आणि अस्तर हे काम एकत्रच काढावे. रेक्झिनचे अस्तर ताणण्यापूर्वी थोडा वेळ उन्हात ठेवले, तर ते मऊ पडते आणि सुरकुत्या राहत नाहीत. मात्र आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि बंद गाडीत उष्णता त्याहूनही वाढते, तेव्हा साधा गोंद सुटतो. उष्णता सोसणारेच चिकटद्रव्य वापरायला कारागिराला बजावून सांगा.

प्रश्न : आतले सामान बदलल्यास पन्नास वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ नोंदणी अडते काय?
— एक वाचक, कारंजा (लाड), जि. वाशीम

उत्तर : २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, ही अट आहे. सीट किंवा अस्तर नव्याने शिवून घेणे त्यात मोडत नाही. या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे. मात्र अशी नोंदणी केल्यावर गाडी रोजच्या वाहतुकीसाठी वापरता येत नाही; बाजारहाटाला ती न्यायची असेल, तर साधी नोंदणीच चालू ठेवावी.