औषध भरण्याआधी बुडबुडा ओळख

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधन प्रस्ताव वाचला. लिपिडच्या (चरबीसारख्या रेणूंच्या) कवचाच्या बुडबुड्यांत कॅन्सरचं औषध भरायचं आणि गाठीपाशी ते अल्ट्रासाऊंडने फोडायचे, हा बेत मनापासून आवडला. पण पहिलं वर्ष रिकाम्या बुडबुड्याला दे, हा माझा आग्रह आहे.

पाण्यात २ मायक्रॉन व्यासाचा हवेचा बुडबुडा असेल, तर पृष्ठताणामुळे त्याच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे १.४ वातावरण जास्त असतो. हवा बाहेर ढकलली जाते आणि सेकंदभरातच तो विरून जातो. १९६८ मध्ये रॉचेस्टरला ग्रॅमियाक आणि प्रवीण शहा यांनी महाधमनीच्या मुळाशी द्रव टोचताना जे प्रतिध्वनी नोंदवले, ते कवच नसलेल्या बुडबुड्यांचेच होते. आजचे बुडबुडे टिकतात, कारण आतला वायू रक्तात जेमतेम विरघळतो (पर्फ्लुरोप्रोपेन किंवा सल्फर हेक्झाफ्लोराइड) आणि फॉस्फोलिपिडचा एकपदरी थर पृष्ठताण जवळजवळ संपवतो. लिपिडची शेपटी जितकी लांब, तितकं कवच घट्ट. डीपीपीसी हे लिपिड ४१ अंशांना मऊ पडतं, त्याहून लांब शेपटीचं डीएसपीसी ५५च्या आसपास. म्हणून सगळ्या चाचण्या ३७ अंशांवर कर. खोलीच्या तापमानाला टिकलेला बुडबुडा शरीरात टिकेलच असं नाही.

आता औषधाचं बघ. कवचाची जाडी साधारण ३ नॅनोमीटर. २ मायक्रॉनच्या बुडबुड्यात सगळं कवच मिळून आकारमानाच्या १ टक्का भरतं, आणि औषधाला जागा त्यातल्याही थोड्या भागात. बाहेरून लिपोसोम (लिपिडच्या सूक्ष्म पिशव्या) चिकटवले की जागा वाढते, पण बुडबुड्याचं थरथरणं बदलतं. माझं स्पष्ट मत असं की औषध शिरेतून वेगळं द्यावं आणि बुडबुड्याने फक्त वाट उघडावी. २००१ मध्ये हायनिनेन आणि सहकाऱ्यांनी सशांमध्ये केंद्रित अल्ट्रासाऊंड आणि बुडबुडे वापरून मेंदूचा रक्त-अडसर (रक्तातले बहुतेक पदार्थ मेंदूत शिरू न देणारी रक्तवाहिन्यांची भिंत) काही काळ उघडून दाखवला. त्यात औषधाचा बुडबुडा लागला नव्हता. अल्ट्रासाऊंडचा दाब मात्र जपून वाढव. मंद दाबाला बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावत राहतो. दाब चढला की तो कोसळतो आणि केशवाहिन्या फाटून रक्त झिरपू शकतं. गाठीतून आणि मेंदूतून मिळणाऱ्या प्रतिसादात फरक असतो, तेव्हा एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नकोस.

आणि नुसती संख्या मोजून थांबू नकोस. १० मायक्रॉनच्या एका बुडबुड्यात १ मायक्रॉनच्या हजार बुडबुड्यांइतका वायू असतो. दोन प्रयोगांत संख्या सारखी असूनही परिणाम वेगळे आले, तर आधी आकारांचं वाटप बघ. तांबड्या पेशींपेक्षा मोठे बुडबुडे फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात, म्हणून ते वेगळे काढून टाक आणि मात्रा टोचलेल्या वायूच्या आकारमानात लिही.

पहिल्या तुकडीचे आकारमानाचे आलेख पाठव, कच्चे आकडेही जोड. व्हायल (बुडबुड्यांची कुपी) हलवल्यावर लगेच आणि अर्ध्या तासाने, दोन्ही वेळचे हवेत.

तुझा,
सर