ज्याचं जाणार, त्याच्याशी आधी बोल

पोरी,

लोकसभेत एवढं बहुमत असून केंद्र सरकारला तीन कृषी कायदे मागे का घ्यावे लागले, याला तू प्रबंधात सरळ 'धाडस कमी पडलं' असं उत्तर लिहून मोकळी झालीस. धाडस कुठे कमी होतं गं? जून 2020 ला अध्यादेश, सप्टेंबरात राज्यसभेत आवाजी मतदान, विधेयकं आधी खासदारांच्या प्रवर समितीकडे तपासायला पाठवा ही मागणी फेटाळलेली. आणि नोव्हेंबर 2021 ला कायदे रद्द. खुला बाजार मलाही हवा होता, आजही हवा आहे. पण ज्याचं जाणार, त्याच्याशी आधी बोलायचं असतं.

पंजाबात कुणाचं जाणार होतं, ते बघ. गहू-धानावर अडत्याला अडीच टक्के, बाजार फी तीन, ग्रामीण विकास शुल्क तीन. नव्या कायद्याने बाजार समितीच्या आवाराबाहेरचा व्यवहार यातून सुटला की अडत्याची अडत बुडाली आणि गावच्या रस्त्यांचा पैसाही. वर, तोच अडत्या पेरणीला, लग्नाला उचल देतो. शेतकरी त्याच्या बाजूने उभा राहिला याचं तुला आश्चर्य वाटतं, याचंच मला आश्चर्य वाटतं.

जीएसटी बघ. 2006 च्या अर्थसंकल्पात 1 एप्रिल 2010 चा वायदा झाला, कर लागू झाला 1 जुलै 2017 ला. राज्यांना महसूल बुडायची धास्ती होती. म्हणून पाच वर्षं 14 टक्के वाढ धरून भरपाई कबूल केली, कराचे निर्णय घेणाऱ्या जीएसटी परिषदेत दोन तृतीयांश मतं राज्यांना दिली, पेट्रोल-डिझेल आणि दारूला हात लावला नाही. तू याला 'अर्धवट सुधारणा' म्हणतेस. म्हण. पण ती टिकली, कारण ज्यांचं जाणार होतं त्यांच्याशी बोलणं झालं होतं.

खात्यात असताना माझ्यावरही शिक्का होता, की हा फाईल अडवून बसतो. बसलो होतो! हमाल-मापाड्यांना विचारल्याशिवाय तोलाईच्या, म्हणजे माल तोलण्याच्या मजुरीच्या, प्रस्तावावर शेरा मारणार नव्हतो. बढती हुकली, प्रस्ताव मी निवृत्त होईपर्यंत पडूनच राहिला, त्याची खंत आहे. पण आज तीच फाईल समोर आली तरी आधी हमालांकडेच जाईन.

तुझी बुद्धी चांगली आहे, म्हणून रागावतो. प्रबंधाचं तिसरं प्रकरण काढून टाक. पंजाबात खन्न्याच्या धान्य मंडीत जा, एखाद्या अडत्याच्या पेढीवर बस, त्याची उचलीची वही बघायला माग. ती पाहिल्याशिवाय नवा मसुदा मला पाठवू नकोस.