लुथरन उपासनेची पत्रिका मराठीत: पाळक, प्रवचन आणि ‘करो’ की ‘करतो’

प्रश्न असा आहे: जर्मनीतल्या एका लुथरन चर्चमध्ये नात्यातल्या बाळाचा बाप्तिस्मा आहे. भारतातून येणाऱ्या आजीआजोबांना सगळे समजावे म्हणून उपासनेची छापील पत्रिका मराठीत करायची आहे. ‘गोटेसडीन्स्ट’, ‘फारर’, ‘प्रेडिग्ट’, ‘आबेंडमाल’, ‘गेमाइंडे’ या शब्दांसाठी अनुक्रमे पूजा, पुजारी, उपदेश, प्रसाद आणि समाज चालतील का?

पाचही टाळावेत. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत या सगळ्यांसाठी रुळलेले शब्द आहेत आणि त्यातले बहुतेक लुथरन विचारालाही नीट बसतात.

‘फारर’ म्हणजे पाळक. उत्तर जर्मनीत ‘पास्टर’ म्हणतात, तेही तेच. ‘पाद्री’ हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द सगळ्यांना कळतो, पण पत्रिकेत तो बाहेरच्या माणसाने लिहिल्यासारखा वाटतो. ‘पुरोहित’ आणि ‘याजक’ मात्र नकोच. याजक देव आणि माणूस यांच्यामध्ये उभा राहून अर्पण करतो. ज्याच्या नावाने हा पंथ ओळखला जातो त्या मार्टिन ल्यूथरने १५२० मध्येच बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजक आहे अशी भूमिका मांडली. पाळकाला मंडळीने वचन सांगायला आणि संस्कार द्यायला नेमलेले असते, इतकेच. स्त्री पाळक असतील तर ‘पाळक आल्या’ असे बिनधास्त लिहा. जर्मनीतल्या सगळ्या प्रादेशिक लुथरन चर्चमध्ये १९९१ पासून स्त्रियांना दीक्षा मिळते.

इथे टंकलेखनाचा एक सापळा आहे. ‘पाळक’चे ‘पालक’ फार सहज होते, आणि बाप्तिस्म्याच्या पत्रिकेत दोघेही एकाच पानावर असतात. ‘पालक बाळाला पाणी घालतात’ असे छापले गेले तर सगळाच अर्थ फिरतो. म्हणून पाळक हा शब्द ठेवा आणि बाळाच्या बाबतीत ‘आईवडील’ लिहा. सोबत उभे राहणाऱ्या ‘पाटे’ आणि ‘पाटिन’ यांना धर्मपिता आणि धर्ममाता.

‘गेमाइंडे’ म्हणजे मंडळी. पत्रिकेत ज्या ओळीआधी हा शब्द किंवा त्याचे आद्याक्षर असते, ती ओळ सगळ्यांनी मिळून म्हणायची असते. तिथे ‘मंडळी:’ किंवा सरळ ‘सर्व:’ लिहा. पाहुण्यांना दुसरे जास्त सोयीचे. चर्चच्या नावातला ‘एव्हांगेलिश’ जर्मनमध्ये साधारण ‘प्रोटेस्टंट’ या अर्थाने येतो. त्याचे ‘इव्हँजेलिकल’ केले की अमेरिकी धाटणीच्या पंथांची कल्पना मनात येते.

‘गोटेसडीन्स्ट’चा शब्दशः अर्थ देवाची सेवा. ती कोण कोणाची करतो, हे जर्मन समास उघड करत नाही, आणि लुथरन शिकवण याच जागी ठाम आहे: आधी देव वचनातून आणि संस्कारातून माणसाची सेवा करतो, मग माणूस प्रार्थनेने आणि गीताने उत्तर देतो. जर्मनीतल्या टोरगाउ इथल्या किल्ल्यातल्या नव्या चर्चच्या अर्पणप्रसंगी, १५४४ मध्ये, ल्यूथरने हेच सांगितले होते: या घरात प्रभूने आपल्याशी बोलावे आणि आपण त्याच्याशी, याखेरीज काही होऊ नये. ‘पूजा’ म्हटले की फक्त माणसाकडून देवाकडे जाणारी अर्धी बाजू उरते. ‘आराधना’ हल्ली अनेक मंडळ्यांत गाण्यांच्या सत्रासाठी वापरतात. ‘उपासना’ म्हणजे जवळ बसणे. यात दोन्ही बाजूंना जागा आहे आणि शब्द रुळलेलाही आहे.

‘प्रेडिग्ट’साठी मराठी मंडळ्यांत उपदेश, संदेश आणि प्रवचन हे तिन्ही ऐकू येतात. माझी पसंती प्रवचनाला. रोजच्या मराठीत उपदेश म्हणजे कसे वागावे ते सांगणे, आणि लुथरन प्रवचनाचे ते फक्त अर्धे काम. पाळक आधी नियमशास्त्र बोलतो, म्हणजे देव काय मागतो आणि आपण कुठे कमी पडतो ते. मग शुभवर्तमान, म्हणजे ख्रिस्ताने आपल्यासाठी काय केले ते. नियमशास्त्रावरच थांबलेले प्रवचन ऐकणाऱ्याला अपराधी तरी करते नाहीतर गर्विष्ठ. प्रवचनाचा मराठी गोषवारा देणार असाल तर क्रियापदांवर नजर ठेवा. जर्मनमध्ये ‘दिले आहे’ असे असताना मराठीत सवयीने ‘घ्यावे’, ‘करावे’, ‘पाहिजे’ येऊ लागले, तर शुभवर्तमानाचा नकळत उपदेश झाला म्हणून समजा.

याच जातीची, पण जास्त महागात पडणारी चूक पापक्षमेच्या वाक्यात होते. कबुलीनंतर पाळक क्षमा जाहीर करतो. ल्यूथरच्या ‘लहान प्रश्नोत्तरी’त (१५२९) म्हटले आहे की ही क्षमा जणू देवाकडूनच मिळते आहे अशी स्वीकारावी. म्हणजे ती घोषणा आहे. मराठीत हात आपोआप ‘देव तुम्हांला क्षमा करो’ असे लिहितो, कारण देवाचे नाव आले की आपल्याकडे ‘-ओ’कारान्त क्रियापद तोंडात बसलेले आहे. पण ‘करो’ ही इच्छा झाली. क्षमा झाली की नाही, हे लोंबकळतच राहिले. मूळ वाक्य विधानार्थी असेल तर ‘क्षमा करतो’ किंवा ‘तुमच्या पापांची क्षमा झाली आहे’ असेच लिहा. शेवटच्या आशीर्वादात उलट आहे. तिथे जर्मन क्रियापदच इच्छार्थी आहे, म्हणून ‘देवो’, ‘राखो’ बरोबर.

हा आशीर्वाद बायबलातल्या गणना या पुस्तकातला (६:२४–२६), अहरोन या याजकाचा. ल्यूथरने १५२६ च्या जर्मन उपासनाक्रमात तो शेवटी ठेवला. त्यात जर्मनही एकवचनी आहे: भरलेल्या चर्चला उद्देशून ‘तुला’. मराठीत आदर म्हणून त्याचे ‘तुम्हांला’ करण्याचा मोह आवरा. प्रवचनाच्या सुरुवातीच्या अभिवादनात मात्र मूळच अनेकवचनी आहे, तिथे ‘तुम्हांला कृपा आणि शांती’.

जर्मन ‘वीअर’ एकच. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन. देवाशी बोलताना ‘आम्ही’, कारण देव त्या पापी लोकांत मोडत नाही: ‘आम्ही पाप केले आहे’, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. पाळक मंडळीशी बोलत असेल तर ‘आपण’: ‘आपण प्रार्थना करू या’. एकाच परिच्छेदात पाळक आधी लोकांकडे आणि मग वेदीकडे वळतो, तिथे सर्वनामही बदलायला हवे. विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेल्या शब्दांतली कबुली, ‘मी’ने सुरू होतो, सगळे मिळून म्हणतात म्हणून त्याचे ‘आम्ही’ करू नका.

‘आबेंडमाल’ म्हणजे प्रभुभोजन. उपासना सकाळी दहाला असली तरी जर्मन नावात संध्याकाळचे जेवण आहे. ‘सांजभोजन’ केले तर आजीआजोबा संध्याकाळची वाट पाहतील. ‘प्रसाद’ नको: तो देवाला दाखवून परत घेतलेला असतो, इथे तशी कृतीच नाही. कॅथलिकांच्या ‘मिस्साबलिदान’ मधले बलिदानही लुथरनांना मान्य नाही. पण भाकरी आणि द्राक्षारस फक्त आठवणीपुरते, असेही ते मानत नाहीत. ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त खरोखर तिथे आहे, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून टिपेत ‘स्मरणार्थ भोजन’ असा खुलासा जोडू नका. देताना म्हणायचे वाक्य: ‘ख्रिस्ताचे शरीर, तुझ्यासाठी दिलेले’. त्यातले ‘तुझ्यासाठी’ जागेअभावी गाळू नये. ल्यूथरच्या प्रश्नोत्तरीत सगळा भर त्याच शब्दावर आहे.

बाकीचे पटकन: गाण्यांना ‘गीत’ म्हणा, कारण ‘स्तोत्र’ बायबलातल्या स्तोत्रांसाठी लागेल. चर्चमधल्या फलकावरचे आकडे म्हणजे गीताचा क्रमांक आणि कडवी. ‘कोलेक्टे’ म्हणजे दानार्पण, ‘आबक्युंडिगुंगेन’ म्हणजे सूचना.

वचने मराठी बायबलमधून उतरवून घेताना आकड्यांवर विसंबू नका. ल्यूथरच्या जर्मन बायबलमध्ये स्तोत्राच्या लांब शीर्षकालाही ओवीक्रमांक असतो, मराठीत नसतो. ‘शुद्ध हृदय उत्पन्न कर’ ही ओवी जर्मनमध्ये ५१:१२, मराठीत ५१:१०. आकडा पाहून घेतली तर भलतीच ओवी छापली जाईल. यशया या पुस्तकात फरक उलटा पडतो: नाताळचे ‘आम्हांसाठी बाळ जन्मले आहे’ जर्मनमध्ये ९:५, मराठीत ९:६. बाप्तिस्म्याला फार आवडीने निवडले जाणारे स्तोत्र ९१:११ दोन्हीकडे सारखेच आहे. इतर प्रत्येक वचन अर्थ जुळवून घ्या आणि पत्रिकेत मराठी बायबलचाच क्रमांक छापा, म्हणजे आजीआजोबांना सोबतच्या बायबलात ते सापडेल.